कोकणच्या समुद्रातले जुने नांगर

जहाज पाण्यात एका जागी रोखून धरण्यासाठी दोराच्या किंवा साखळीच्या टोकाला बांधून तळाशी सोडलेले जड साधन म्हणजे नांगर. जहाजावरच्या सगळ्या सामानात समुद्राच्या तळाशी सर्वांत जास्त काळ टिकणाऱ्या वस्तूंपैकी ही एक. बुडालेल्या जहाजाचे लाकूड समुद्री किडे पोखरतात, शिडे आणि दोर कुजतात, माल लाटांनी विखुरतो किंवा माणसे काढून नेतात. दगडाचा नांगर मात्र हजारो वर्षे जिथे पडला तिथेच राहतो, आणि लोखंडी नांगरही गंज व शिंपल्यांच्या जाड कवचाखाली काही शतके आपला आकार टिकवतो. म्हणूनच जगभरच्या सागरी वस्तुसंग्रहालयांत, बंदरांच्या दरवाजांशी आणि किनाऱ्यावरच्या शहरांच्या चौकांत जुने नांगर मांडलेले दिसतात.

नांगर सापडला म्हणजे तिथे जहाज बुडाले होते, असा अर्थ होत नाही. बहुतेक जुने नांगर बुडालेल्या जहाजांचे नसून हरवलेले असतात. खडकात अडकलेला नांगर निघेना म्हणून दोर कापला जातो; वादळात दोर तुटतो; शत्रू दिसल्यावर नांगर उचलण्याइतका वेळ नसतो, तेव्हा तो तिथेच सोडून जहाज निघते. असे घडते ते जहाजे नेहमी थांबतात त्या जागी. त्यामुळे एखाद्या ठिकाणी वेगवेगळ्या काळांतले अनेक नांगर सापडले, तर ती जागा दीर्घकाळ जहाजांच्या मुक्कामाची होती, असा निष्कर्ष काढता येतो. धक्का, गोदाम किंवा बाजारपेठेचा मागमूस उरला नसला, तरी तळाशी पडलेले नांगर बंदराची जागा सांगू शकतात. इतिहासाच्या दृष्टीने नांगराचे खरे मोल यात आहे, आणि ते तो कोणत्या जागी सापडला यावर अवलंबून असते.

नांगर जहाज कसे धरतो

नांगर दोन प्रकारे काम करतो. पहिला प्रकार निव्वळ वजनाचा. जड वस्तू तळाशी पडून राहते आणि तळाशी होणाऱ्या घर्षणामुळे जहाज वाहून जात नाही. दुसरा प्रकार रुतण्याचा. नांगराचा टोकदार फाळ चिखलात किंवा वाळूत घुसतो आणि जहाज जितके ओढते तितका तो अधिक खोल जातो. दगडाच्या साध्या नांगरात फक्त पहिला प्रकार असतो. लोखंडी नांगराची सगळी रचना दुसऱ्या प्रकारासाठी केलेली असते.

वजनावर चालणाऱ्या नांगराची एक मोठी अडचण पाण्याच्या उत्प्लावक बलामुळे येते. १०० किलो वजनाचा बेसॉल्टचा दगड समुद्राच्या पाण्यात सुमारे ६५ किलोच भरतो, कारण तो बाजूला सारतो त्या पाण्याच्या वजनाइतके त्याचे वजन घटते. १०० किलो लोखंड मात्र पाण्यात सुमारे ८७ किलो भरते. म्हणजे तेवढीच पकड मिळवण्यासाठी दगड बराच मोठा घ्यावा लागतो आणि तो पुन्हा वर ओढण्याचे कष्टही वाढतात.

नांगराइतकेच महत्त्व दोराला असते. दोर सरळ खाली सोडला, तर लाटेबरोबर जहाज वर उचलले जाताच नांगरही उपटला जातो. म्हणून पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट, साधारणपणे पाच ते सात पट, लांब दोर सोडतात. त्यामुळे ओढ जवळजवळ आडवी पडते आणि नांगर उपटण्याऐवजी रुततो. कोकणात भरती-ओहोटीचा फरक मोठा असल्याने ओहोटीला पुरेसा वाटणारा दोर भरतीला तोकडा पडू शकतो, याचेही भान खलाशांना ठेवावे लागे. भारतीय महासागरातील जहाजांवर काथ्याचे दोर वापरात होते. काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही आणि ताण आल्यावर थोडा लांबतो, त्यामुळे लाटेचा हिसका नांगरापर्यंत थेट पोहोचत नाही.

तळ कसा आहे, यावरही बरेच अवलंबून असते. चिकट चिखलात नांगर उत्तम धरतो. वाळूत बऱ्यापैकी धरतो. सपाट खडकावर घसरत जातो आणि फटी असलेल्या खडकात असा अडकतो की परत निघत नाही. कोकणच्या खाड्यांच्या तोंडाशी चिखल आणि वाळू असते, तर भूशिरांच्या आसपास खडक असतो. त्यामुळे हरवलेले नांगर सापडण्याची शक्यता किल्ले असलेल्या खडकाळ भूशिरांजवळ अधिक असते.

छिद्रे पाडलेले दगड

सर्वांत जुना नांगर म्हणजे एक छिद्र पाडलेला दगड. छिद्रातून दोर ओवला की काम झाले. याच्या पुढची पायरी म्हणजे दोन किंवा तीन छिद्रे असलेला चपटा, साधारण त्रिकोणी दगड. वरच्या छिद्रात दोर बांधत आणि खालच्या छिद्रांत लाकडी खुंट्या ठोकत. दगडाचे वजन आणि खुंट्यांचे रुतणे असे दोन्ही गुण त्यात एकत्र येतात. ब्रिटिश संशोधक ऑनर फ्रॉस्ट यांनी २० व्या शतकाच्या मध्यापासून भूमध्य समुद्रातील अशा दगडांची आकार, छिद्रे आणि दगडाचा प्रकार यांवरून पद्धतशीर वर्गवारी केली. त्याआधी पुराणवस्तूंच्या उत्खननात असे दगड सापडले, तरी त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नसे.

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर बिब्लोस आणि उगारित या प्राचीन नगरांतील मंदिरांत दगडी नांगर वाहिलेले आढळले आहेत. समुद्रातून सुखरूप परतल्याबद्दल देवाला नांगर अर्पण करण्याची ती प्रथा होती. नांगर लोकांसमोर मांडून ठेवण्याचा रिवाज म्हणजे आजच्या वस्तुसंग्रहालयांपेक्षा कितीतरी जुना. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून येथे इसवी सन पूर्व १४ व्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या जहाजात २४ दगडी नांगर मिळाले. एका जहाजावर इतके नांगर असण्याचे कारण सरळ आहे. ते हरवतच, त्यामुळे जादा ठेवावे लागत. आणि जहाज स्थिर राहण्यासाठी तळाशी जे वजन भरावे लागते, तेही काम ते करीत.

भारतात या विषयाचा शास्त्रीय अभ्यास १९८० च्या दशकात रुजला. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथे ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या पुढाकाराने सागरी पुरातत्त्वाचे केंद्र सुरू झाले. या केंद्राच्या पाणबुड्या संशोधकांनी गुजरातमध्ये द्वारका आणि बेट द्वारका यांच्या समुद्रात शंभराहून अधिक दगडी नांगर नोंदवले. त्यांत तीन ठळक प्रकार दिसले : त्रिकोणी व अनेक छिद्रांचे, मध्यभागी भोक असलेले वर्तुळाकार, आणि लांबट खांबासारखे. द्वारकेच्या नांगरांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद झाले. राव यांनी त्यांचा संबंध उत्तर-हडप्पा काळाशी जोडला, तर पुढच्या संशोधकांनी इतर ठिकाणच्या नांगरांशी तुलना करून त्यांतले बरेच ऐतिहासिक काळातले, काही तर मध्ययुगीन असल्याचे मत मांडले. दगडाचे वय थेट मोजता येत नसल्याने असे वाद उद्भवतात.

खांबासारखा इंडो-अरबी नांगर

कोकणच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रकार खांबासारख्या नांगराचा आहे. अभ्यासक त्याला इंडो-अरबी नांगर म्हणतात. हा चौकोनी छेदाचा लांब दगड असतो. खाली रुंद आणि वर निमुळता. वरच्या टोकाजवळ दोरासाठी एक गोल छिद्र असते. खालच्या भागात दोन चौकोनी छिद्रे असतात आणि ती एकमेकांशी काटकोनात कोरलेली असतात, म्हणजे एक छिद्र दगडाच्या एका बाजूने आरपार जाते, तर दुसरे शेजारच्या बाजूने. या छिद्रांतून लाकडी दांडे आरपार घातले की चार दिशांना चार टोके बाहेर येतात. दगड कुठल्याही बाजूवर पडला तरी एखादे टोक तळात रुततेच. लोखंडी नांगराला त्यासाठी वेगळा आडवा दांडा लागतो. इथे छिद्रांच्या मांडणीतच तो प्रश्न सुटलेला आहे.

दगडी नांगर घडवायला लोखंडी नांगरापेक्षा खूप स्वस्त पडे. त्याला भट्टी, कोळसा किंवा कुशल लोहार लागत नसे. पाथरवट आणि सुतार पुरत. लाकडी दांडे मोडले तर कुठल्याही बंदरात नवे बसवता येत. त्यामुळे लोखंडी नांगर माहीत असूनही अरबी समुद्रातील व्यापारी जहाजांवर दगडी नांगर शतकानुशतके चालू राहिले. नांगर जुन्या पद्धतीचा आहे, एवढ्यावरून तो जुन्या काळचा आहे असे म्हणता येत नाही, ते यामुळेच.

या प्रकारचे नांगर इराणच्या किनाऱ्यावरील सिराफ या मध्ययुगीन बंदरात, ओमानमध्ये, पूर्व आफ्रिकेत केनियाच्या किनाऱ्यावर, श्रीलंकेतील गॉल बंदरात आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडले आहेत. हा पसारा मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या व्यापाराच्या नकाशाशी तंतोतंत जुळतो. नैऋत्य वाऱ्यांवर आफ्रिका व अरबस्तानातून भारताकडे आणि ईशान्य वाऱ्यांवर परत, असा तो प्रवास होता. जून ते ऑगस्टच्या उधाणात कोकण किनाऱ्यावरची वाहतूक थांबे. नारळी पौर्णिमेनंतर ती हळूहळू सुरू होई. जहाजांना मधल्या काळात आसरा देणाऱ्या खाड्या ही कोकणची मोठी ठेव होती.

सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दगडी नांगरांचा पद्धतशीर अभ्यास सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग या दोन किल्ल्यांच्या परिसरात झाला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शिला त्रिपाठी, ए. एस. गौर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात येथे पाहणी केली. सिंधुदुर्गच्या नांगरांवरील त्यांचा शोधनिबंध १९९७ मध्ये आणि विजयदुर्गच्या नांगरांवरील १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही ठिकाणच्या नांगरांमुळे कोकणचा किनारा भारतीय महासागरातील दगडी नांगरांच्या नकाशावर आला.

सिंधुदुर्गची पायाभरणी १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर झाली. शिवाजी महाराजांनी उभारलेल्या आरमाराचा हा प्रमुख तळ. बेटाभोवती पाण्याखाली खडक विखुरलेले आहेत आणि जहाजांना ये-जा करण्यासाठी मोजक्याच वाटा आहेत. किल्ला बांधताना ही रचना संरक्षणासाठी उपयोगी पडली. नांगराच्या दृष्टीने मात्र तोच खडक धोक्याचा. जवळच पद्मगड हा लहान किल्ला आहे. तेथे जहाजे बांधण्याचे व दुरुस्तीचे काम चाले असे मानले जाते. मालवणचा किनारा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आधीपासून वापरात होता. त्यामुळे इथे मिळणारा प्रत्येक दगडी नांगर मराठा आरमाराचाच असला पाहिजे, असे गृहीत धरता येत नाही. तो एखाद्या अरबी, गुजराती किंवा मलबारी व्यापारी जहाजाचाही असू शकतो.

विजयदुर्ग वाघोटन खाडीच्या मुखाशी आहे. युरोपीय दस्तऐवजांत त्याचा उल्लेख घेरिया या नावाने येतो. किल्ल्याच्या आत खाडी खोल आणि वाऱ्यापासून सुरक्षित असल्याने मोठी जहाजेही येथे मुक्काम करू शकत. कान्होजी आंग्रे यांच्या काळापासून विजयदुर्ग आंग्र्यांच्या आरमाराचे महत्त्वाचे ठाणे होते, आणि खाडीत वरच्या बाजूला खडक कोरून केलेली त्यांची गोदी आजही दिसते. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांच्या इंग्रज सैन्याने विजयदुर्गवर हल्ला केला. त्या लढाईत नांगर टाकून उभ्या असलेल्या तुळाजी आंग्रे यांच्या आरमाराला आग लागली आणि जवळजवळ सगळी जहाजे जळाली. जळालेल्या जहाजाचे लाकूड नाहीसे होते, पण नांगर, तोफगोळे, खिळे आणि साखळ्या तळाशी बसतात. त्यामुळे खाडीच्या तळावरची कोणतीही वस्तू नोंद न करता हलवली, तर या लढाईचा पुरावाही तिच्याबरोबर हलतो.

दगडी नांगर समुद्रातच मिळतात असेही नाही. निकामी झालेला नांगर म्हणजे घडवलेला, सरळ बाजूंचा तयार दगड. तो पायरीला, भिंतीला किंवा होडी बांधण्याच्या खुंटाला सहज लागू पडे. सिराफच्या उत्खननात असे नांगर बांधकामात वापरलेले आढळले, आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील गावांतही जुने नांगर किनाऱ्यालगतच्या आवारांत पडलेले मिळाले आहेत. कोकणातही जुन्या वास्तूंच्या दगडांत काटकोनात कोरलेली चौकोनी छिद्रे दिसली, तर तो दगड एकेकाळी नांगर असण्याची शक्यता तपासून पाहण्याजोगी असते.

लोखंडी नांगराची घडण

प्राचीन ग्रीक आणि रोमन जहाजांवर लाकडी नांगर असत. त्यांचे आडवे दांडे आधी दगडाचे आणि पुढे शिशाचे केले जात. इटलीतील नेमी सरोवरातून १९३० च्या सुमारास रोमन सम्राट कॅलिग्युलाची दोन प्रचंड जहाजे बाहेर काढण्यात आली. त्यांच्याबरोबर एक लोखंडी नांगर मिळाला, आणि त्याचा आडवा दांडा काढता-घालता येण्याजोगा होता. हीच युक्ती १८०० वर्षांनंतर नव्याने वापरात आली.

१६ व्या शतकापासून पोर्तुगीज, डच आणि इंग्रज जहाजांबरोबर मोठे लोखंडी नांगर अरबी समुद्रात मोठ्या संख्येने आले. गोव्याजवळ सुंची रीफ या पाण्याखालच्या खडकावर १७ व्या शतकाच्या सुरुवातीला बुडालेल्या पोर्तुगीज व्यापारी जहाजाचे अवशेष राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने शोधले. त्यांत तोफा, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात होते. मांडवी आणि झुआरी नद्यांच्या मुखांजवळचे असे खडक त्या काळच्या जहाजांना फार महागात पडले.

या काळातल्या नांगराचे चार मुख्य भाग असतात. मधला उभा दांडा. त्याच्या खालच्या टोकाला दोन्हीकडे वळलेल्या दोन भुजा. भुजांच्या टोकांना पानासारखे रुंद फाळ. आणि वरच्या टोकाजवळ भुजांशी काटकोनात बसवलेला आडवा दांडा. सगळी करामत या आडव्या दांड्यात आहे. नांगर तळावर आपटला की लांब आडवा दांडा जमिनीवर सपाट झोपतो, आणि त्याच्याशी काटकोनात असलेल्या भुजांपैकी एकीला खाली तोंड करावेच लागते. दोर ओढला जाताच ती रुतते.

जुन्या नांगरांचा आडवा दांडा बहुधा ओक लाकडाचे दोन तुकडे जोडून, त्यांभोवती लोखंडी पट्ट्या आवळून केलेला असे. समुद्रात हे लाकूड नाहीसे होते, त्यामुळे तळाशी सापडलेल्या नांगराला आडवा दांडा बहुतेक नसतोच. उभा दांडा आणि भुजा लोखंडाच्या अनेक सळ्या एकत्र तापवून व ठोकून जोडलेल्या असत. दांडा आणि भुजा जिथे मिळतात तो सांधा सर्वांत कच्चा असे, आणि जोराच्या ओढीत नांगर बहुधा तिथेच मोडे.

१९ व्या शतकात या रचनेत झपाट्याने बदल झाले. १८०८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये सॅम्युएल ब्राउन यांनी जहाजांसाठी लोखंडी साखळी तयार केली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ताग-काथ्याच्या दोरांची जागा साखळीने घेतली. साखळीच्या वजनामुळेच ओढ आडवी राहू लागली. प्लिमथच्या गोदीतील रिचर्ड पेरिंग यांनी सरळ भुजांऐवजी वक्र भुजांचा नांगर सुचवला. त्यात सांधा अधिक मजबूत होता. शतकाच्या मध्याला लोखंडी, काढता-घालता येणाऱ्या आडव्या दांड्याचा ॲडमिरल्टी नांगर रूढ झाला. जहाजांच्या खुणांवर, टोप्यांवर आणि बिल्ल्यांवर आजही जे नांगराचे चित्र दिसते ते याच प्रकारचे.

आडवा दांडा नसलेल्या नांगराचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२१ साली घेतले गेले, पण त्याचा खरा प्रसार १९ व्या शतकाच्या अखेरीस झाला. त्याच्या भुजा बिजागरीवर फिरतात आणि दोन्ही फाळ एकाच बाजूला रुततात. तो जहाजाच्या बाजूच्या भोकातून सरळ वर ओढून तसाच अडकवून ठेवता येतो, डेकवर चढवून बांधण्याचे कष्ट उरत नाहीत. आजच्या मोठ्या जहाजांवर हाच प्रकार दिसतो.

मुंबईच्या गोदीतील वाडिया घराण्याच्या जहाजबांधणीचा सुवर्णकाळ या बदलांच्या ऐन मध्यावर येतो. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या वंशजांनी पुढे शंभरावर वर्षे सागवानी जहाजे बांधली. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत्या स्थितीत जतन केलेले आहे. त्या काळचे नांगर, दोर आणि शिडे जहाजावर प्रत्यक्ष कशी मांडली जात, हे तिथे पाहायला मिळते.

वय आणि मूळ कसे ओळखतात

लोखंडी नांगराचे वय ठरवण्यासाठी सर्वप्रथम भुजा पाहतात. सरळ भुजा एकमेकींशी टोकदार कोन करीत असतील, तर नांगर बहुधा १९ व्या शतकाच्या आधीचा किंवा त्याच्या आरंभीचा असतो. वक्र भुजा आणि लोखंडी आडवा दांडा असेल, तर तो १९ व्या शतकातला किंवा नंतरचा. उभ्या दांड्याच्या वरच्या टोकाला असलेल्या कडीची जाडी पाहून तिला दोर बांधत की साखळी जोडत, हे कळते. कारखान्यात बनलेल्या नांगरांवर वजन, तयार करणाऱ्याची खूण आणि चाचणीचे शिक्के ठोकलेले असतात. गंजाच्या थराखाली ते दडलेले असतात, म्हणून नांगर घासून स्वच्छ करण्याआधी त्याची क्ष-किरण किंवा बारकाईची तपासणी केली जाते.

दगडी नांगराच्या बाबतीत आकार, छिद्रांची मांडणी आणि दगडाचा प्रकार एवढेच हाती असते. दगड चुनखडकाचा असेल तर सौराष्ट्र किंवा अरबस्तान, ग्रॅनाइटचा असेल तर दक्षिण भारत, असे अंदाज बांधता येतात. बेसॉल्टच्या बाबतीत हा मार्ग फारसा उपयोगी पडत नाही, कारण दख्खनच्या लाव्ह्याचा काळा पाषाण कोकणच्या किनाऱ्यापासून थेट यवतमाळपर्यंत पसरलेला आहे. काही वेळा दगडाची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले खनिज कण पाहतात. त्यावरून खाणीचा प्रदेश थोडा नेमका होतो. शेजारी खापरे किंवा नाणी मिळाली, तर काळ ठरवणे सोपे जाते. म्हणजे नांगराबरोबर जे मिळते ते नांगराइतकेच मोलाचे असते.

पाण्याबाहेर काढल्यानंतर

समुद्रातून काढलेला लोखंडी नांगर मजबूत दिसला, तरी त्याची खरी पडझड बाहेर आल्यावर सुरू होते. शेकडो वर्षांत खाऱ्या पाण्यातील क्लोराइड लोखंडात खोलवर मुरलेले असते. हवेतील ऑक्सिजन आणि ओलावा मिळताच त्याची नवी संयुगे तयार होतात, ती फुगतात आणि लोखंडाचे पापुद्रे सुटू लागतात. काही महिन्यांत नांगराला भेगा पडू शकतात. म्हणून तो बाहेर काढल्यापासून ओला ठेवावा लागतो.

प्रयोगशाळेत आधी शिंपले व वाळूचे कवच हळूहळू काढतात. मग नांगर सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात ठेवून त्यातून कमी दाबाचा विद्युत्प्रवाह सोडतात. क्लोराइड धातूमधून द्रावणात उतरते. द्रावण वारंवार बदलले जाते. मोठ्या नांगराला या प्रक्रियेसाठी काही महिने, प्रसंगी काही वर्षे लागतात. शेवटी टॅनिक आम्लाचा लेप देऊन वरून मेणाचा किंवा रंगाचा थर चढवतात. दगडी नांगराचे काम सोपे असते. गोड्या पाण्यात बराच काळ भिजवून त्यातले मीठ काढावे लागते, नाहीतर सुकताना मिठाचे स्फटिक दगडाचा पृष्ठभाग फोडतात. लाकडी दांड्याचा तुकडा शिल्लक असेल तर तो मेणासारख्या रसायनात भिजवून टिकवला जातो, कारण सुकल्यावर तो आक्रसून विद्रूप होतो.

ही प्रक्रिया न करता नांगराला नुसता काळा रंग फासून उघड्यावर ठेवला, तर कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत रंगाखालून गंज वाढत राहतो आणि काही पावसाळ्यांत तो आकार गमावतो.

मांडणी, स्मारक आणि कायदा

लोकांसमोर मांडलेले नांगर तीन वाटांनी येतात. पहिली वाट पुरातत्त्वीय शोधाची. दुसरी मासेमारीच्या जाळ्यात किंवा बंदरातील गाळ उपसताना अपघाताने हाती लागण्याची. आणि तिसरी जहाज मोडीत काढल्यावर त्याचे भाग जपण्याची. मुंबईच्या दारूखान्यात आणि गुजरातमधील अलंगमध्ये मोडलेल्या जहाजांचे नांगर, साखळ्या व सुकाणू भंगार म्हणून विकले जातात, आणि त्यांतले काही हॉटेलांच्या किंवा बागांच्या दारी शोभेसाठी उभे राहतात.

मोडीत निघालेल्या जहाजाचे काय जपावे, हा प्रश्न भारतात विमानवाहू ‘विक्रांत’च्या वेळी ठळकपणे पुढे आला. १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेले हे जहाज १९७१ च्या युद्धात लढले आणि १९९७ मध्ये निवृत्त झाले. काही वर्षे ते मुंबईत तरंगते वस्तुसंग्रहालय म्हणून खुले होते. २०१४ मध्ये ते भंगारात विकले गेले आणि दारूखान्यात मोडले गेले. त्याच्या पोलादापासून घडवलेले स्मारक जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटजवळ उभे राहिले. अशा स्मारकात धातू मूळचा राहतो, पण आकार नवा असतो. जपलेल्या नांगरात धातूबरोबर आकारही मूळचाच राहतो, आणि जहाज किती मोठे होते, ते कसे हाताळले जात असे, हे त्यावरून वाचता येते.

नांगराची प्रतिकृतीही मांडली जाते. ‘टायटॅनिक’चा सुमारे साडेपंधरा टनांचा मधला नांगर १९११ मध्ये इंग्लंडमधील नेदरटन गावात तयार झाला आणि २० घोड्यांच्या गाड्यावरून तेथून हलवला गेला. मूळ नांगर जहाजाबरोबर अटलांटिकच्या तळाशी आहे. गावात २०१० पासून त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी आहे. याउलट इटलीतील ग्रॅविस्का या प्राचीन बंदरात मिळालेला दगडी दांडा अस्सल आहे. इसवी सन पूर्व ६ व्या शतकात सोस्त्रातोस नावाच्या माणसाने तो अपोलो देवाला वाहिल्याचे त्यावर कोरलेले आहे. हिरोडोटस या इतिहासकाराने याच नावाच्या एका अतिशय श्रीमंत ग्रीक व्यापाऱ्याचा उल्लेख केला आहे. एका कोरीव ओळीमुळे हा दगड व्यापाराच्या इतिहासातला पुरावा ठरला.

भारतीय नौदलाच्या बोधचिन्हातही नांगर आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे अनावरण झालेल्या नव्या नौदल ध्वजावर निळ्या अष्टकोनी ढालीत राष्ट्रमुद्रेखाली नांगर आहे, आणि अष्टकोनाची प्रेरणा शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेची आहे.

भारतात शंभर वर्षांहून जुन्या मानवनिर्मित वस्तू १९७२ च्या पुरावशेष व कलावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात, आणि जुने नांगर त्यात सहज बसतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात पाण्याखालच्या पुरातत्त्वासाठी २००१ मध्ये स्वतंत्र शाखा सुरू झाली. त्याच वर्षी युनेस्कोने पाण्याखालच्या सांस्कृतिक वारशाविषयी आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. अवशेष शक्य तोवर जागच्या जागीच जतन करावेत, हे त्यातले मुख्य तत्त्व आहे. मच्छीमाराच्या जाळ्यात जुना नांगर आला, तर तो ओढून आणण्याआधी जागेची खूण नोंदवणे, छायाचित्र घेणे आणि जिल्हा प्रशासनाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवणे हा योग्य मार्ग ठरतो. आज बहुतेक बोटींवर जीपीएस असल्याने ती जागा काही मीटरच्या अचूकतेने सांगता येते.

मांडलेल्या नांगराशेजारच्या फलकावर पाच गोष्टी असल्या, तर तो नांगर अभ्यासकालाही उपयोगी पडतो : तो कुठे आणि किती खोलीवर सापडला, केव्हा सापडला, त्याची मापे व वजन, दगडाचा किंवा धातूचा प्रकार, आणि त्याच्यावर कोणती प्रक्रिया केली. जहाजाचे नाव पक्के माहीत नसेल, तर ते न लिहिणेच योग्य. एकदा फलकावर आलेले चुकीचे नाव पुढे पुस्तकांत आणि पर्यटकांच्या माहितीपत्रकांत शिरते. सापडल्याची जागा नोंदलेला साधा दगड बंदराच्या इतिहासात भर घालतो. ती जागा हरवली, तर रंगवून उभा केलेला भव्य लोखंडी नांगरही शोभेची वस्तू एवढाच उरतो.